घाटाआधीचा अर्धा तास: नवे ब्रेक पॅड रुळवण्याचे शास्त्र

अकोले गावातून कोल्हार-घोटी मार्गाला लागले की दोन दिशांना दोन निरनिराळे रस्ते मिळतात. पूर्वेला सुगाव, कळस करत संगमनेरकडे जाणारा रस्ता प्रवरेच्या खोऱ्यातून, उसाच्या शेतांमधून बराचसा सपाटीने जातो. पश्चिमेला वळले तर रुंभोडी, इंदोरी मागे पडल्यावर विठा घाट लागतो. तो चढून राजूर, तिथून शेंडी-भंडारदरा आणि पुढे बारी, म्हणजे १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या पायथ्याचे गाव. गॅरेजमध्ये मोटरसायकलला नवे डिस्क पॅड टाकून घेतलेल्या माणसाने आधी कोणता रस्ता धरावा, हा या प्रकरणाचा विषय आहे. उत्तर आधीच सांगतो: संगमनेरचा. नव्या पॅडची पहिली कसोटी घाटात लागू देऊ नये. सपाट, मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास देऊन ते आधी रुळवून घ्यावेत. या अर्ध्या तासात पॅड आणि डिस्क यांच्यात जे घडते, त्यावर पुढच्या हजारो किलोमीटरचे ब्रेकिंग अवलंबून असते.

ब्रेक म्हणजे उष्णतेचा कारखाना

ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे नेमके काय करतो? धावत्या गाडीतली गतीची ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलतो आणि ती उष्णता हवेत सोडून देतो. थोडा हिशेब करू. दीडशे किलोची मोटरसायकल आणि तिच्यावर दोघे मिळून १३० किलो, असे एकूण २८० किलो वजन ताशी ६० किलोमीटर वेगाने चालले आहे. त्या गतीत सुमारे ३९,००० ज्यूल ऊर्जा असते. गाडी ब्रेकवर पूर्ण थांबवली, की एवढी ऊर्जा काही सेकंदांत पॅड, डिस्क आणि मागच्या ड्रम ब्रेकच्या लायनरमध्ये उतरते. त्यातला सत्तर टक्के भार पुढच्या ब्रेकने घेतला आणि पुढची डिस्क एक किलो पोलादाची आहे असे धरले, तर त्या एका थांब्यात डिस्कचे तापमान पन्नास-साठ अंशांनी चढते.

आता हीच गाडी घाट उतरवू. रस्ता जितका खाली येतो, तितकी उंचीची ऊर्जाही कुठेतरी जिरवावी लागते. दर १०० मीटर उताराला या गाडीची ऊर्जा सुमारे २,७४,००० ज्यूल होते, म्हणजे ताशी ६० वरून सात वेळा पूर्ण थांबण्याइतकी. वेग अजिबात वाढू दिला नाही तरीही हा हिशेब चुकत नाही. सपाटीवर दोन थांब्यांच्या मधे डिस्कला वारा लागतो आणि ती निवते. घाटात वळणामागून वळण येते, ब्रेक सुटतच नाही आणि उष्णता साठत जाते. जे पॅड अजून तापलेलेच नाहीत, त्यांची परीक्षा इथे घेणे धोक्याचे आहे.

घाटानेच ब्रेकला नवे साहित्य शोधायला लावले, हा इतिहासही इथे आठवावा. इंग्लंडमधल्या डर्बीशर या डोंगराळ परगण्यात उतारावर घोडागाड्या रोखताना गाडीवान लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटाचे चामडे लावत. हर्बर्ट फ्रूड यांनी ते पाहिले आणि १८९७ मध्ये चाकांसाठी घर्षण-साहित्य बनवायला सुरुवात केली, असे सांगितले जाते. त्यांची फेरोडो कंपनी पुढे ब्रेक लायनिंगसाठी जगभर ओळखली गेली. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ मध्ये घेतले. मोटरसायकलवर डिस्क सर्वांच्या नजरेत भरली ती १९६९ च्या होंडा सीबी ७५० मुळे. आपल्याकडे १९९९ ची हिरो होंडा सीबीझेड आणि २००१ ची बजाज पल्सर यांच्या काळापासून पुढच्या चाकाची डिस्क रूढ होत गेली. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाकींना चाक लॉक होऊ न देणारे एबीएस बंधनकारक झाले, तर त्याखालच्या गाड्यांना किमान दोन्ही ब्रेक एकत्र लावणारे सीबीएस. यंत्रणा अशी सुधारत गेली, पण या सगळ्या यंत्रणांची शेवटची कडी पॅड आणि डिस्क यांची भेट हीच राहिली.

नवा पॅड आणि जुनी डिस्क

नवा पॅड हातात घेऊन पाहावा. लोखंडी पत्र्यावर चिकटवलेली काही मिलिमीटर जाडीची वडी, मधे एखादी खाच. ही वडी दिसते सपाट, पण डिस्क सपाट असतेच असे नाही. आधीच्या पॅडने तिच्यावर बारीक चरे पाडलेले असतात, कडेला किंचित उंचवटा उरलेला असतो. त्यामुळे सुरुवातीला नवा पॅड डिस्कला सगळीकडे टेकत नाही. काही उंच ठिपक्यांवरच टेकतो. लिव्हर तेवढ्याच जोराने दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही, त्यामागचे हे पहिले कारण. पॅड झिजत झिजत डिस्कच्या आकाराचा होईपर्यंत पूर्ण पकड मिळत नाही.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. ब्रेकमध्ये घर्षण दोन प्रकारे होते. एक ओरखडण्याचे: पॅडमधले कठीण कण डिस्कवर घासतात आणि दोन्ही थोडे थोडे झिजतात. दुसरे चिकटण्याचे: तापलेल्या पॅडमधले द्रव्य अतिशय पातळ थराच्या रूपाने डिस्कवर उतरते आणि मग पॅड स्वतःच्याच द्रव्याच्या थरावर घासू लागतो. तिथे कणाकणांचे बंध जुळतात-तुटतात आणि त्यातून घर्षण मिळते. चांगल्या ब्रेकमध्ये हे दोन्ही प्रकार एकत्र चालतात. डिस्कवर असा एकसारखा थर बसवणे, हेच रुळवण्याचे खरे काम आहे. बिडाचा नवा तवा जसा मंद आचेवर पुन्हा पुन्हा तेल देऊन तयार करतात, तसेच हे आहे: आच कमी पडली तर थर धरत नाही, आणि एकदम भडकली तर जागोजाग करपतो.

तिसरी गोष्ट पॅडच्या पोटातली. बाजारात साधारण दोन प्रकारचे पॅड मिळतात. ऑरगॅनिक पॅडमध्ये तंतू, घर्षणाचे कण आणि वंगणाचे कण राळेने बांधलेले असतात. सिंटर्ड पॅडमध्ये तांबे, लोखंड अशा धातूंच्या भुकट्या ग्रॅफाइटसह दाबून, भट्टीत तापवून एकजीव करतात. ऑरगॅनिक पॅड पहिल्यांदा खूप तापले, की राळेतून वायू सुटतात. हा वायू पॅड आणि डिस्क यांच्या मधे अडकला तर पॅड जणू हवेवर तरंगतो आणि ऐन वेळी पकड सुटते. पॅड टप्प्याटप्प्याने तापवले की हे वायू हळूहळू निघून जातात. नवे पॅड टाकून थेट घाट उतरायला लागलेल्या माणसाला ही सगळी प्रक्रिया एका उतारावर, भर वळणात सोसावी लागते. सिंटर्ड पॅड उष्णता अधिक सोसतात, पण तेही रुळवावेच लागतात.

चाचणी घेणारेही आधी रुळवतात

पॅड रुळवणे ही फुरसतीच्या लोकांची हौस आहे, असे कोणाला वाटेल. त्यासाठी ब्रेकची अधिकृत चाचणी कशी होते ते पाहावे. दुचाकींच्या ब्रेकसाठी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली झालेल्या जागतिक तांत्रिक नियम क्रमांक ३ मध्ये थांबण्याचे अंतर मोजण्याआधी ब्रेक रुळवण्याची पद्धत घालून दिली आहे. ताशी ५० किलोमीटरवरून ५ ते १० पर्यंत वेग उतरवायचा, असे प्रत्येक ब्रेकसाठी १०० वेळा करायचे आणि दर वेळी ब्रेक लावण्याआधी त्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आत आलेले असले पाहिजे. आपल्या गाडीच्या कागदावर किंवा जाहिरातीत जे ब्रेकिंग सांगितलेले असते, ते अशा रुळलेल्या ब्रेकचे असते. गॅरेजमधून नुकतेच बाहेर पडलेले पॅड त्या पात्रतेचे नसतात.

या नियमातली निवण्याची अट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकटा चालक असलेली गाडी फक्त पुढच्या ब्रेकने ताशी ५० वरून १० वर आणली, तर डिस्कमध्ये साधारण २०,००० ज्यूल उतरतात आणि तापमान चाळीसएक अंशांनी वाढते. मधे वारा खाऊ न देता असे पाच-सहा वेळा केले, तर डिस्क भाजून निघते. म्हणून दोन ब्रेकांमधले अंतर हा या पद्धतीचा अर्धा भाग आहे.

प्रत्यक्ष करायचे कसे

सुरुवात गॅरेजमध्येच होते. पॅड काढल्यावर त्यांना डिस्कवर दाबणारा कॅलिपर स्वच्छ करावा, पण आतली धूळ हवेच्या पाइपने फुंकू नये. ब्रेकच्या साहित्यात दीर्घकाळ ॲस्बेस्टॉस वापरले जात असे. आजची धूळही फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नाहीच. ओल्या फडक्याने पुसावी. डिस्क ब्रेक क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करावी. रॉकेल, डिझेल किंवा तेलकट फडके डिस्कच्या जवळही येऊ देऊ नये. चेनला तेल मारताना उडालेले चार थेंब नवा पॅड वाया घालवायला पुरेसे असतात. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. डिस्क त्याखाली झिजली असेल तर नवे पॅड टाकून उपयोग नाही, डिस्कच बदलावी.

जाड नवे पॅड बसवताना कॅलिपरचे पिस्टन मागे ढकलावे लागतात. त्या वेळी ब्रेक ऑइल वरच्या डब्यात चढते, म्हणून त्यावर लक्ष ठेवावे. ते सांडले तर रंग खाते. पिस्टन मागे गेल्यामुळे लिव्हर पहिल्यांदा दाबली की ती सरळ मुठीला टेकते. गाडी हलवण्याआधी लिव्हर दाबत राहावी, ती कडक लागेपर्यंत. हे राहून गेले तर गॅरेजसमोरच्या पहिल्याच गाडीला आपण धडकू शकतो. चांगला मेकॅनिक गाडी ताब्यात देण्याआधी लिव्हर स्वतः दाबून पाहतो आणि बजावतो, ‘दादा, ब्रेक अजून बसले नाहीत, जपून चालवा.’ हे बजावणे मनावर घ्यावे.

आता रस्ता. सरळ, कोरडा, खड्डे-खडी नसलेला आणि मागून वाहन येत नसलेला तुकडा निवडावा. अगस्ती साखर कारखान्याचा गाळप हंगाम असेल तर उसाच्या ट्रॉल्यांची वेळ टाळावी. मागे कोणाला बसवू नये.

पहिला टप्पा हलका. ताशी ४० चा वेग घेऊन पुढचा ब्रेक हळूहळू, एकसारख्या दाबाने लावावा आणि वेग १० ते १५ वर आणावा. पूर्ण थांबू नये. ब्रेक सोडून पुन्हा वेग घ्यावा आणि अर्धा ते एक मिनिट ब्रेक न लावता गाडी चालवावी. असे आठ-दहा वेळा करावे.

दुसरा टप्पा थोडा जोराचा. वेग ५० ते ६०, ब्रेक आधीपेक्षा घट्ट, पण चाक लॉक होणार नाही आणि एबीएस सुरू होणार नाही इतकाच. पुन्हा १० ते १५ वर आणून सोडावा, पुन्हा मिनिटभर वारा द्यावा. हेही आठ-दहा वेळा. या टप्प्यात लिव्हरमधला फरक बोटांना जाणवू लागतो. सुरुवातीला ब्रेक लाकडी वाटत असतो, दाबूनही पकड पुढे सरकत नाही. हळूहळू तेवढ्याच दाबाला गाडी जास्त वाकते आणि पकड हाताबरोबर वाढते. किंचित जळका वास येणे साहजिक आहे. धूर दिसला किंवा पकड कमी होऊ लागली तर रुळवणे लगेच थांबवावे आणि डिस्क निवेपर्यंत गाडी ब्रेकशिवाय चालवावी.

मागचा ब्रेकही डिस्कचा असेल तर त्याला हेच स्वतंत्रपणे, हलक्या पायाने करावे. मागचे चाक लवकर लॉक होते. सीबीएसच्या गाडीत मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, हे ध्यानात ठेवून विश्रांती जास्त द्यावी. पॅडच्या खोक्यावर कंपनीने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळावी.

शेवटी पाच-सात मिनिटे ब्रेक न लावता गाडी चालवून डिस्क निववावी. तापलेल्या डिस्कवर लिव्हर दाबून उभे राहणे ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पॅड जिथे दाबलेला असतो तिथे त्याचे द्रव्य जाड डाग बनून चिकटते. पुढे दर फेऱ्याला तो डाग पॅडखाली आला की लिव्हर थरथरते. ‘डिस्क वाकली’ म्हणून गॅरेजला येणाऱ्या कितीतरी गाड्यांच्या डिस्कवर प्रत्यक्षात असा असमान थर असतो.

यानंतर पहिले दीड-दोनशे किलोमीटर विनाकारण जोराचे ब्रेक टाळावेत. जीव वाचवण्याची वेळ आली तर मात्र मनात पॅडचा विचारही आणू नये; पूर्ण ब्रेक लावावा.

डिस्क वाचता येते

काम नीट झाले की नाही, हे डिस्क स्वतः दाखवते. गाडी पूर्ण गार झाल्यावर खाली वाकून पाहावे. पॅड जिथे घासतो तो पट्टा सगळीकडे सारखा, मंद राखाडी झालेला असावा. पट्ट्यात चकाकते ठिपके राहिले असतील तर तिथे पॅड अजून टेकलेला नाही. आणखी थोडे रुळवावे. एकाआड एक गडद-फिकट पट्टे दिसले तर थर असमान बसला आहे. बारीक पॉलिश पेपर डिस्कवर हलक्या हाताने फिरवून ती साफ करावी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी.

पॅड काढल्यावर तो काचेसारखा चमकत असेल तर तो वाजवीपेक्षा तापला आहे. सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर पॅड घासला, की वरची चमक जाते आणि पॅड पुन्हा रुळवता येतो. तेल प्यायलेला पॅड मात्र फेकूनच द्यावा. असा पॅड आगीवर धरून तेल जाळण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. तेल पॅडच्या आतपर्यंत मुरलेले असते आणि आगीने राळही कमकुवत होते. चारशे-पाचशे रुपये वाचवण्यासाठी हा धोका पत्करू नये.

ड्रमवाल्यांसाठी

अकोले तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर धावणाऱ्या कितीतरी गाड्यांना दोन्ही चाकांना ड्रमच असतो. त्यांनाही हे लागू आहे. शूवरचा नवा लायनर ड्रमच्या गोलाईला सुरुवातीला मधल्या भागातच टेकतो, टोकांना टेकत नाही. म्हणून नवे शू टाकल्यावर ब्रेक आधीपेक्षा कमी लागतो आणि काही दिवसांनी आपोआप सुधारल्यासारखा वाटतो. वर सांगितलेले हलके ब्रेक इथेही उपयोगी पडतात, फक्त ड्रमची उष्णता बाहेर पडायला जास्त वेळ लागतो, म्हणून मधली विश्रांती वाढवावी. लायनर रुळला की ब्रेकचा फ्री-प्ले वाढतो. नट फिरवून तो पुन्हा जुळवून घ्यावा. हे दुसरे जुळवणे बहुतेकांकडून राहून जाते.

पाऊस, घाट आणि ब्रेक ऑइल

अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात पावसाळा म्हणजे घाटघर-रतनवाडीचा धो-धो पाऊस. ओल्या डिस्कवर पाण्याचा पातळ पडदा असतो, तो पॅडने पुसल्याशिवाय पकड येत नाही. वर सांगितलेल्या जागतिक नियमात ओल्या ब्रेकचीही कसोटी आहे: ब्रेक लावल्यावर अर्ध्या ते एका सेकंदाच्या दरम्यान कोरड्या ब्रेकच्या किमान ६० टक्के मंदन मिळाले पाहिजे. पावसात पॅड रुळवू नयेत, कारण पाणी डिस्क तापू देत नाही आणि चिखलातली वाळू थर खरवडते. काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मे-जूनमध्ये, भंडारदऱ्याकडे गाड्यांची रीघ लागते आणि त्यामागोमाग पावसाळी पर्यटन येते. पॅड शेवटाला आले असतील तर ते एप्रिलमध्येच बदलून, कोरड्या रस्त्यावर रुळवून ठेवावेत.

ब्रेक ऑइलचाही इथे संबंध येतो. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवेपणी किमान २३० अंश असतो. हवेतली ओल शोषून तो १५५ पर्यंत उतरू शकतो. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावे आणि पॅड बदलताना त्याची तारीख तपासावी. घाटात ब्रेक कमी पडू लागला तर कारण ओळखता आले पाहिजे. लिव्हर कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड वाजवीपेक्षा तापले आहेत. लिव्हर मऊ होऊन मुठीपर्यंत येऊ लागली, तर ऑइल उकळायला लागले आहे. दोन्ही वेळा उपाय एकच: खालचा गिअर टाकून इंजिनवर वेग उतरवावा, सुरक्षित जागी थांबावे आणि डिस्क निवू द्यावी. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये. आणि मुळात घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडू नये. उंचीची ऊर्जा जिरवायला इंजिन सोबत असेल तर ब्रेकवरचा भार पुष्कळ कमी होतो.

पॅडचा एक जोड काही शे रुपयांचा आणि बसवायला वीस मिनिटांचा. त्यामुळे ते काम किरकोळ समजले जाते आणि पॅड बसले म्हणजे संपले, असे मेकॅनिकला आणि गिऱ्हाइकालाही वाटते. प्रत्यक्षात तेव्हा अर्धेच काम झालेले असते. उरलेले अर्धे रस्त्यावर चालकालाच करावे लागते. गाडी घेताना मेकॅनिकला तीन प्रश्न विचारावेत: डिस्क पुसली का, डिस्कची जाडी पाहिली का, ऑइल किती जुने आहे? त्यांची उत्तरे मिळाली की गाडी सपाट रस्त्याला लावून अर्धा तास ब्रेकला द्यावा. ज्याच्या मागे बायको-मुले बसून घाट उतरणार आहेत, त्याच्यासाठी हा अर्धा तास सर्व्हिसिंगचाच भाग आहे.